मराठीची अवघड अक्षरे आणि संगणकाचा कळफलक

संगणकाच्या प्रचलित कळफलकावर अक्षरे उमटवणाऱ्या कळा ४७ असतात. शिफ्टशिवाय आणि शिफ्टसह अशा दोन पातळ्या धरल्या की त्यांतून ९४ चिन्हे निघतात. हा हिशोब इंग्रजीला नेमका पुरतो: लहान-मोठी मिळून ५२ अक्षरे, १० अंक आणि ३२ विरामचिन्हे व खुणा. इंग्रजी सोडली की बहुतेक भाषांना तो अपुरा पडतो. फ्रेंचला स्वरांवर तिरप्या रेघा लागतात, जर्मनला दोन टिंबे, पोर्तुगीजला नागमोडी रेघ. मराठीची गरज याहून मोठी आहे. प्रत्येक स्वर अक्षर म्हणून आणि मात्रा म्हणून असा दोन रूपांत लागतो, व्यंजने तीसच्या वर आहेत आणि जोडाक्षरांची गणती तर शेकड्यांनी होते. त्यांतली पुष्कळशी चिन्हे कळांवर छापलेली नसतात, काही कोणत्याही कळेवर नसतात आणि दोन-तीन तर डोळ्यांना दिसतही नाहीत. या सगळ्यांना टायपिंगच्या भाषेत ‘विशेष चिन्हे’ म्हणतात. मराठी माणसाच्या आडनावात आणि गावाच्या नावात ती रोज येतात, त्यामुळे मराठीपुरता तरी हा विषय अपवादांचा नाही.

कळा थोड्या आणि चिन्हे फार, या अडचणीवर जगभर ठरावीक मार्ग निघाले. उजवीकडची ऑल्ट कळ धरून प्रत्येक कळेला तिसरी पातळी देणे हा एक. आधी खुणेची कळ आणि मग अक्षराची कळ दाबून दोहोंचे मिळून एक अक्षर करणे हा दुसरा. चिन्हाचा क्रमांक टाइप करणे किंवा तक्त्यातून ते वेचून घेणे हे आणखी दोन. मराठीत मात्र मुख्य ठरली ती निराळीच रीत. टाइप करणाऱ्याने मूळ घटक उच्चाराच्या क्रमाने द्यायचे आणि त्यांचे जोडाक्षर संगणकाने घडवायचे. त्यामुळे पडद्यावर दिसणारे अक्षर आणि संगणकात साठलेली चिन्हांची साखळी या दोन वेगळ्या गोष्टी होतात. एकच आकार दोन वेगळ्या साखळ्यांतून उमटू शकतो, आणि शोध घेताना, क्रम लावताना किंवा शुद्धलेखन तपासताना संगणक फक्त साखळी पाहतो. मराठी टायपिंगमधल्या बहुतेक गोंधळांचे मूळ इथे आहे.

यंत्रावरच्या टंकलेखनात असा भेद नव्हता. रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रापासून पुढची शंभर वर्षे कागदावर जे उमटले तेच अंतिम मानले गेले. युरोपातल्या यंत्रांवर खुणांसाठी ‘मृत’ कळा असत. अशी कळ दाबली की खूण उमटे, पण कागद पुढे सरकत नसे आणि त्याच जागी पुढचे अक्षर बसे. देवनागरी यंत्रांवरही शिरोरेघेच्या वरच्या आणि अक्षराखालच्या काही खुणा याच युक्तीने बसवल्या. बाकी मांडणी आकारांची होती. अर्धे अक्षर उमटवायचे आणि त्याला काना जोडून ते पूर्ण करायचे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी मारायची. अक्षर तुकड्यातुकड्याने चितारण्याची ही सवय टंकलेखनाच्या वर्गांतून महाराष्ट्रभर पोचली आणि यंत्रे गेल्यावरही बोटांत टिकून राहिली.

संगणकाने अक्षराला आकाराऐवजी क्रमांक दिला. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ॲस्की तक्त्यात १२८ जागा होत्या. त्यांपैकी ३३ यंत्राला सूचना देण्यासाठी आणि ९५ छापण्याजोग्या चिन्हांसाठी, म्हणजे कळफलकावरची ९४ चिन्हे आणि मोकळी जागा. पुढे तक्ता २५६ जागांचा झाला आणि वाढीव जागांत युरोपीय खुणांची अक्षरे बसली, पण वेगवेगळ्या तक्त्यांत वेगवेगळी. आयबीएमच्या मूळ तक्त्यात २३३ हा क्रमांक ग्रीक थीटाचा होता आणि विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात तोच तिरप्या रेघेच्या ‘ई’चा झाला. विंडोजवर ऑल्ट कळ धरून आकडे टाइप करण्याची जी रीत आहे तिच्यात हा इतिहास अजून दिसतो. आयबीएमच्या तक्त्यातले ते अक्षर १३० टाइप करून मिळते, आणि विंडोजच्या तक्त्यातले तेच अक्षर आधी शून्य लावून ०२३३ असे टाइप करून.

देवनागरीला या तक्त्यांत जागाच नव्हती. छपाईचा धंदा थांबणार नव्हता, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे चढवलेले फाँट निघाले. श्रीलिपी, आकृती, शिवाजी ही नावे मराठी डीटीपीवाल्यांच्या दोन पिढ्यांना पाठ आहेत. या फाँटांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे मान्य करायलाच हवे. पेजमेकरसारख्या प्रोग्रॅमला युनिकोड हा सर्व लिप्यांचा सामाईक तक्ता कळत नव्हता आणि दिवाळी अंक वेळेवर निघायला हवे होते. पण या पद्धतीत मजकूर म्हणून साठत होती ती इंग्रजी अक्षरे. फाँट बदलला की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे, आणि एका कंपनीच्या फाँटमधला लेख दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये उघडतही नसे.

दुसरी वाट त्याच काळात आखली जात होती. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर सुरू झालेले काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेत पुढे गेले. इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी १९८६ मध्ये ठरली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तिची रचना वर्णमालेवर बेतलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. क आणि ख एकाच कळेवर, ग आणि घ एकाच कळेवर, त-थ, प-फ तसेच. महाप्राण हवा असेल तर शिफ्ट. अर्ध्या अक्षरांसाठी वेगळ्या कळाच नाहीत. इंग्रजी ‘डी’च्या कळेवर पाय मोडण्याची खूण आहे, आणि ती कोणत्याही व्यंजनानंतर दाबली की पुढच्या व्यंजनाशी जोड होतो. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय तक्त्यावरून, म्हणजे त्याच मानकाच्या आधीच्या रूपावरून घेतली. इन्स्क्रिप्टची कळ आणि युनिकोडमधले चिन्ह यांची जोडी इतकी सरळ बसते, त्याचे हेच कारण. विंडोज २००० पासून विंडोजच्या संगणकांवरही ही सोय आली.

या पद्धतीत अक्षर घडते कसे ते ‘क्ष’वरून कळते. शिफ्ट धरून ७ ची कळ दाबली की इन्स्क्रिप्टमध्ये क्ष एका दमात उमटतो, पण साठतात तीन चिन्हे: क, पाय मोडण्याची खूण आणि ष. ज्ञ, त्र, श्र यांचेही तसेच. या कळा निव्वळ सोयीच्या आहेत. त्या न वापरता तीन चिन्हे एकेक करून दिली तरी साठा तोच होतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण टाइप करायची ती क नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. वेलांटीला डावीकडे नेऊन बसवणे, र् चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवणे ही कामे संगणक आणि फाँट मिळून करतात. यंत्रावर शिकलेल्या हाताला सुरुवातीला हे उलटे वाटते. पण वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला ही मांडणी थोड्या दिवसांत बसते आणि एकदा बसली की सुटत नाही.

आता खास मराठीची अक्षरे. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र. र् पुढे व्यंजन आले की देवनागरीत सहसा रफार होतो: सूर्य, पर्व, अर्हता. मराठीत त्याखेरीज एक हलका र् आहे. तो मागच्या अक्षरावर आघात देत नाही आणि आडव्या, वळणदार रेघेने लिहिला जातो. युनिकोडच्या परिभाषेत त्याला पापणीच्या आकाराचा र म्हणतात. हा केवळ वळणाचा फरक नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आचार्यास दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्यास दिलेली मजुरी यांत गल्लत होऊन चालत नाही. पहिल्या जोडीत ‘दर्या’चा द गुरू आहे आणि ‘दऱ्या’चा लघू, त्यामुळे वृत्तबद्ध कवितेत चुकीचा र छापला गेला तर मात्राही चुकतात. वाऱ्यावर, किनाऱ्याला, पुऱ्या, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, वऱ्हाड, कऱ्हाड: हे अक्षर टाळून मराठीचे एक पान लिहिणेही कठीण.

ते टाइप करण्याचा योग्य मार्ग असा. इन्स्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळेवर र आहे. शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ हे टिंबाचे अक्षर येते. त्यानंतर पाय मोडण्याची खूण आणि मग य किंवा ह. टिंब नाहीसे होते आणि ऱ्य तयार होतो. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये द्राविडी भाषांतला एक विशिष्ट र देवनागरीत लिहिण्यासाठी आले. त्याच्या अर्ध्या रूपाला मराठीचा हलका र् करण्याचा नियम युनिकोडनेच घालून दिला आहे. दुसरा मार्ग जुना आहे. साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे ‘जोडक’ हे अदृश्य चिन्ह दिले तरी पडद्यावर तोच आकार येतो: र्‍य. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातली ही पद्धत जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून कायम ठेवली आहे.

डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाही. एखाद्या यादीत कऱ्हाडे हे आडनाव काहींनी एका पद्धतीने आणि काहींनी दुसऱ्या पद्धतीने भरले असेल, तर शोध घेणाऱ्याला अर्धीच नावे मिळतात आणि उरलेली माणसे यादीत नाहीतच असे वाटते. मतदार, विद्यार्थी, सात-बाऱ्यावरचे खातेदार यांच्या याद्या जिथे मराठीत ठेवल्या जातात तिथे ही गोष्ट किरकोळ राहत नाही. तिसरी वाट म्हणजे हे अक्षर सापडत नाही म्हणून ‘कर्हाड’ किंवा ‘वर्हाड’ असे रफाराने लिहिणे. ती तर सरळ चूकच आहे. संगणकावरच्या मराठीत ती जागोजागी दिसते. लिहिणाऱ्याला मराठी येत नाही असे त्यातून दिसत नाही, त्याला ‘जे’ची कळ कोणी दाखवलेली नाही एवढेच दिसते. नवा मजकूर लिहिताना ऱ चाच मार्ग धरावा, कारण त्यात अदृश्य चिन्ह लागत नाही आणि जी चिन्हे साठतात ती सगळी मोजता येतात.

दुसरे अक्षर ॲ. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीने ॲ आणि ऑ हे स्वर स्वीकारले, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवलेल्या वर्णमालेत त्यांना जागा मिळाली. मात्रेच्या रूपात अडचण कधीच नव्हती. बॅट आणि बॉल पहिल्यापासून नीट लिहिता येत होते. अडचण होती ती शब्दाच्या सुरुवातीच्या ॲची. युनिकोडमध्ये आधीपासून होता तो ए वर चंद्र दिलेला ऍ, आणि इन्स्क्रिप्टच्या जुन्या मांडणीत शिफ्ट धरून १ ची कळ दाबली की तोच येई. मराठीला हवा होता अ वर चंद्र. म्हणून लोकांनी अ टाइप करून त्यापुढे चंद्राची मात्रा दिली. दिसायला ते ठीक दिसे, निदान काही फाँटांत. इतर ठिकाणी चंद्राखाली टिंबांचे वर्तुळ उमटे, कारण नियमाप्रमाणे स्वराच्या अक्षराला मात्रा लागतच नाही. एप्रिल २००८ मध्ये आलेल्या युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत ॲ ला स्वतंत्र जागा मिळाली: सोळाच्या पायावर मोजलेला क्रमांक ०९७२, आपल्या नेहमीच्या दशमान मोजणीत २४१८.

तेव्हापासून अ आणि चंद्राची जोड वापरायचे कारण उरलेले नाही, आणि ती वापरू नये असे युनिकोडचेही सांगणे आहे. तरीही ॲप, ॲसिड, ॲल्युमिनियम हे शब्द आजही तीन वेगवेगळ्या साखळ्यांत लिहिलेले सापडतात. शब्दकोश किंवा सूची करणाऱ्याने आधी ही एकवाक्यता करावी, मग अकारविल्हे लावावी. अ पुढे काना देऊन आ करणे किंवा काना-चंद्र देऊन ऑ करणे हीदेखील त्याच जातीची चूक आहे.

ळ बद्दल फार सांगण्यासारखे नाही. इन्स्क्रिप्टमध्ये तो ल च्याच कळेवर शिफ्टसह आहे. क्रम लावताना मात्र तो मराठीत ह नंतर येतो, म्हणून संगणकाची भाषा मराठी निवडलेली असावी. ङ आणि ञ यांची मात्र उपेक्षा होते. वाङ्मय हा शब्द ‘वाड्मय’, ‘वाङमय’ आणि ड पुढे पूर्णविराम देऊन ‘वाड.मय’ अशा रूपांत छापलेला दिसतो. साहित्यसंस्थांच्या पत्रिकांतही हे दिसावे याचे वाईट वाटते, कारण ङ साठी फक्त ह ची कळ शिफ्टसह दाबायची असते.

आता डोळ्यांना न दिसणारी दोन चिन्हे. एक जोडक, दशमान क्रमांक ८२०५. दुसरे विलगक, क्रमांक ८२०४. दोन्ही स्वतः काही उमटवत नाहीत, शेजारच्या अक्षरांनी कसे वागायचे ते सांगतात. क, पायमोड आणि ष यांचा क्ष होतो. पायमोडीनंतर जोडक दिला तर क अर्धा होऊन ष शेजारी उभा राहतो: क्‍ष. विलगक दिला तर क चा पाय मोडलेला दिसतो आणि ष सुटा राहतो: क्‌ष. मराठीत विलगकाचा खरा उपयोग उद्‌घाटन, सद्‌गुण, उद्‌गार अशा शब्दांत आहे. मराठी मुद्रणाला पाय मोडलेला द् वाचायला सोपा वाटतो, तर पुष्कळ फाँट न विचारता द च्या पोटात पुढचे अक्षर बसवून टाकतात. शालेय पुस्तकांत अर्धे अक्षर एकटे दाखवायचे असेल तेव्हा जोडक हवा. याखेरीज ही चिन्हे मजकुरात पेरू नयेत. मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना ती सोबत जातात, शब्दाच्या शेवटी लपून बसतात, आणि अगदी सारखे दिसणारे दोन शब्द संगणक वेगळे का मानतो याचा उलगडा होत नाही.

काही चिन्हांचे दुखणे याच्या उलट आहे. खरे चिन्ह कळफलकावर आहे, पण त्याच्यासारखे दिसणारे दुसरे हाताशी येते. विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम टाइप होतो, ही त्यांतली सर्वांत पसरलेली चूक. दुःख, अंतःकरण, स्वतः यांतली दोन टिंबे अक्षराचा भाग आहेत. तिथे अपूर्णविराम आला की संगणक शब्द संपला असे समजतो. मग दुःख शोधून सापडत नाही आणि ओळीच्या शेवटी शब्द भलत्या जागी तुटतो. इन्स्क्रिप्टमध्ये विसर्ग शून्याच्या शेजारच्या कळेवर शिफ्टसह आहे. ओवी-अभंगांच्या शेवटच्या दंडाऐवजी उभ्या रेघेचे गणिती चिन्ह टाइप करणे हाही तोच प्रकार. एकेरी दंड आणि दुहेरी दंड ही दोन स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि दुहेरीसाठी एकेरी दोनदा देणे बरोबर नाही. हाक लांबवताना लागणारा अवग्रह इंग्रजी ‘एस’ने भागवू नये. त्याचा दशमान क्रमांक २३६५ आहे. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी भारत सरकारने स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीत आले. विंडोजच्या ‘इंग्रजी (भारत)’ या मांडणीत उजवी ऑल्ट कळ आणि ४ दाबले की ते मिळते.

कळफलकावर जे नाही ते क्रमांकाने मिळवता येते. वर्डमध्ये सोळाच्या पायावरचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाइप करून ऑल्ट आणि एक्स या कळा दाबल्या की आकड्यांच्या जागी चिन्ह येते. ०९७२ चा असा ॲ होतो. ही युक्ती उलटही चालते. चिन्हापुढे कर्सर ठेवून त्याच कळा दाबल्या की त्याचा क्रमांक दिसतो, आणि संशयास्पद अक्षर तपासायला याहून सोपे साधन नाही. ऑल्ट धरून दशमान क्रमांक टाइप करण्याच्या रीतीला उजवीकडची आकड्यांची पट्टी आणि चालू असलेले नम लॉक लागते. २५५ च्या पुढचे क्रमांक त्या रीतीने सगळ्याच प्रोग्रॅमांत चालत नाहीत, वर्डमध्ये चालतात. वळणदार अवतरणचिन्हांसाठी ०१४५ ते ०१४८, आणि लहान-मोठ्या आडव्या रेघांसाठी ०१५० व ०१५१ हे विंडोजचे जुने क्रमांक लक्षात ठेवण्याजोगे आहेत. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून सोळाच्या पायावरचा क्रमांक देता येतो.

रोमन लिपीतल्या खुणांची गरज महाराष्ट्रात आणि गोव्यात खरोखरच पडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत किंवा डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या अभ्यासकाला संस्कृत आणि मराठी शब्द रोमनमध्ये लिहावे लागतात: दीर्घ स्वरांवर आडवी रेघ, मूर्धन्य व्यंजनांखाली टिंब. या पद्धतीचा पाया १८९४ च्या जिनिव्हातील प्राच्यविद्या परिषदेत घातला गेला. तिच्यात खाली टिंब दिलेले ‘एल’ ऌ साठी आहे आणि मराठीच्या ळ ला वेगळी जागा नाही. २००१ च्या आयएसओ १५९१९ या मानकाने ते टिंब ळ ला दिले आणि ऌ साठी ‘एल’खाली छोटे वर्तुळ ठेवले. मराठी ग्रंथांसाठी म्हणून हेच मानक योग्य. वर्तुळाच्या त्या अक्षराला युनिकोडमध्ये तयार जागा नाही. आधी अक्षर आणि मग जोडखूण असे दोन घटक द्यावे लागतात, म्हणजे जोडाक्षराचेच तत्त्व इथे रोमनमध्येही येते. मॅकवर ‘एबीसी एक्सटेंडेड’ मांडणीत ऑप्शन आणि ए दाबल्यावर पुढच्या स्वरावर दीर्घरेघ येते, ऑप्शन आणि एक्स दाबल्यावर पुढच्या अक्षराखाली टिंब. गोव्यातील पोर्तुगीज दप्तरांतली नावे जशीच्या तशी उतरवायची असतील तर विंडोजची ‘अमेरिकन आंतरराष्ट्रीय’ मांडणी पुरते. तिच्यात नागमोडी खूण आणि मग स्वर दाबला की सानुनासिक स्वर मिळतो, अर्ध्या अवतरणानंतर सी दाबला की शेपटीचा सी.

साखळी अचूक असूनही आकार मनासारखा नसेल, तर दोष फाँटचा असतो. मराठीचा पाकळ्यांचा ल आणि देठाचा श हिंदीतल्या प्रचलित वळणांहून निराळे आहेत, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ते मराठीसाठी निश्चित केले आहेत. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांच्या ल ला एकच क्रमांक आहे, आणि ते योग्यच आहे, कारण अक्षर एकच. वळण निवडायचे ते फाँटने. विंडोजबरोबर वर्षानुवर्षे आलेला मंगल हा फाँट रा. कृ. जोशी यांच्यासारख्या मराठी सुलेखनकाराच्या हातचा, पण त्यातली वळणे हिंदीला सोयीची आहेत. अलीकडच्या काही फाँटांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवलेली असेल तर मराठी वळण आपोआप येते. म्हणून वर्डमध्ये किंवा संकेतस्थळावर भाषा ‘मराठी’ अशी नोंदवणे हा टायपिंगचाच भाग समजावा. देवनागरी दिसते आहे म्हणून तिथे हिंदी ठेवली, तर शुद्धलेखनाची तपासणीही हिंदीची होते.

रोमन अक्षरांत उच्चार टाइप करून देवनागरी मिळवण्याची रीत आज सर्वांत लोकप्रिय आहे, आणि ज्याला दिवसातून चार ओळी लिहायच्या आहेत त्याला ती पुरेशी आहे. ती वापरणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की काही साधने ठरलेल्या नियमाने चालतात आणि काही अंदाजाने. अंदाजाने चालणारे साधन नेहमीचा शब्द सुचवते. दर्या हवा की दऱ्या हे त्याला कळत नाही, आणि अनोळखी आडनावात ते बहुधा चुकते. मराठी लिहिणे हे ज्याचे रोजचे काम आहे, मग तो कारकून असो, पत्रकार, अनुवादक किंवा मुद्रितशोधक, त्याने इन्स्क्रिप्ट शिकावी. तिच्यात जी कळ दाबली तेच चिन्ह साठते.

मोठे काम अजून बाकी आहे. जुन्या फाँटांत अक्षरजुळणी झालेली हजारो मराठी पुस्तके, अंक आणि गावोगावच्या संस्थांची दप्तरे पेजमेकरच्या फाइलींत अडकून आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. ती नेमकी ऱ्य, ॲ, ङ् आणि विसर्ग याच जागी अडखळतात, कारण जुन्या फाँटांत हे आकार ज्याने त्याने आपल्या सोयीने कुठेही बसवले होते. ज्या प्रकाशकांकडे, ग्रंथालयांकडे आणि मंडळांकडे अशा फाइली आहेत त्यांनी त्या उघडणारे जुने संगणक चालू आहेत तोवर रूपांतर करून घ्यावे. रूपांतरित मजकूर मराठी जाणणाऱ्या मुद्रितशोधकाकडून तपासून घ्यावा आणि त्याला ही चार अक्षरे आधी लिहून द्यावीत.